भुतांची वंशावळ

आपल्याकडे नुसतं ‘भूत’ असं काही नसतंच मुळी. कुणाचं भूत, ते आधी ठरतं. मुंज झाली आणि सोडमुंजीआधीच मुलगा गेला, तर त्याचा मुंज्या, राहणार पिंपळावर. मागे वारस नाही आणि जीव पैशात अडकलेला, असा माणूस गेला की समंध. तो आपल्या धनाला कुणाला हात लावू देत नाही. पाण्यात बुडून मेला त्याचा गिऱ्हा. वेद शिकला पण विद्येचा ताठा गेला नाही, तो ब्रह्मग्रह. बायकांची तर आणखी बारीक विभागणी. नवरा जिवंत असताना गेली ती जखीण, विधवा असताना गेली ती लावसट, आणि बाळंत झाल्यावर दहा दिवसांच्या आत गेली ती हडळ.

ही यादी माझ्या पदरची नाही. कोकणातल्या लोकसमजुतींवर एन्थोव्हेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं पुस्तक १९१५ साली निघालं, त्यात ती सविस्तर दिली आहे. त्याच्याही कितीतरी आधी मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) भुतांच्या जाती नोंदवल्या होत्या. जाती हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा बरं का! एन्थोव्हेनच्या यादीत खवीस हा महार किंवा मांगाचा, झोटिंग खारव्याचा किंवा कोळ्याचा, वीर हा लग्न न झालेल्या क्षत्रियाचा. माणूस मेला तरी त्याची जात काही मरत नाही. फरक एवढाच, की दिवसा ज्याला वेशीबाहेर ठेवला, त्याच्या खविसाला रात्री अख्खा गाव टरकून असायचा.

एन्थोव्हेनने हे पुस्तक जमवलं ते दुसऱ्याच माणसाच्या सामग्रीवरून. तो माणूस म्हणजे ए. एम. टी. जॅक्सन, नाशिकचा कलेक्टर. संस्कृतचा अभ्यासक होता, पंडित जॅक्सन म्हणत त्याला. लोकसमजुतींविषयीची माहिती त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून मागवली होती. पुस्तकात जागोजाग त्या मास्तरांचा उल्लेख आहे. नाव नाही, नुसतं ‘शाळामास्तर’ आणि पुढे गाव. कंदिलाच्या उजेडात बसून सरकारी कागदावर हडळीचं वर्णन लिहिणारा रत्नागिरी जिल्ह्यातला एखादा मास्तर डोळ्यांपुढे आणून बघा! इन्स्पेक्शनला साहेब येणार म्हणून धास्तावणारा, आणि इथे साहेबच विचारतोय की तुमच्या गावात भुतं कुठली कुठली?

पुस्तक झालेलं बघायला जॅक्सन राहिला नाही. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा तो सूड होता, हे आपण शाळेत शिकलोय. कान्हेरेने तेव्हा विशीही गाठली नव्हती. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्या रात्री थिएटरात नाटक होतं देवलांचं ‘शारदा’, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं. अकाली गेलेल्यांच्या समजुती गोळा करणारा माणूस असा अकाली गेला, आणि मारणारा पोरगाही पाठोपाठ गेला. तिथे समोर रंगमंचावर शारदा होती. खऱ्या आयुष्यातल्या अशा किती शारदा पहिल्याच बाळंतपणात जाऊन त्या यादीतल्या शेवटच्या रकान्यात जमा झाल्या असतील, कोण मोजणार?

असो. मास्तरांनी माहिती चोख दिली, पण कागदावर गोष्ट येत नाही, यादी येते. भुताची गोष्ट ही सांगायची आणि ऐकायची चीज आहे, आणि ती सांगण्याचे कायदे ठरलेले असतात. तिच्यात ‘एक आटपाट नगर होतं’ चालत नाही. जागा अगदी नेमकी लागते. अमक्यांच्या आगराच्या गडग्यापाशी, साकव ओलांडला की डाव्या हाताला. साल मात्र कधीच सांगत नाहीत. सांगणाऱ्याने स्वतः काही बघितलेलं नसतं, बघितलेलं असतं चुलत्याने, नाहीतर बैल राखणाऱ्या गड्याने. तो कसाबसा घरी पोचतो, तीन दिवस तापाने फणफणतो आणि चौथ्या दिवशी उठून पेज पितो. आणि मधे मधे ‘हं’ म्हणणारं कुणीतरी लागतं. हुंकार थांबला की गोष्ट थांबते.

लिंबाची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. नवरा जेवायला बसतो, म्हणतो, आमटीवर पिळायला लिंबू हवं होतं. बायको जागची उठत नाही. खिडकीतून हात बाहेर काढते, हात लांब लांब होत जातो आणि परसातल्या झाडावरचं लिंबू तोडून आणतो. दुसरी गोष्ट, चुलीत लाकडांऐवजी स्वतःचे पाय घालून भाकऱ्या भाजणाऱ्या सुनेची. लहानपणी अंगावर काटा यायचा. आता आठवलं की वाटतं, या गोष्टी सांगणाऱ्या बहुतेक बायका आणि ऐकणाऱ्या पोरी. जिला लिंबू आणायलाही उसंत नाही, जी चुलीत स्वतःलाच घालते, ती बाई कोण, हे पोरींना वेगळं समजावून सांगायची काय गरज होती?

आमच्या आजीच्या गोष्टींमध्ये एक बाई नेहमी यायची, वहाळावरची. पिवळं लुगडं, केस मोकळे, साकवाच्या अलीकडे दगडावर बसलेली. तिन्हीसांजेनंतर कुणी गेलं की ती विचारायची, “घरी दिवे लागले का?” आपण “लागले” म्हणायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. ‘नाही’ म्हणायचं नाही, कारण मग ती दिवा लावायला आपल्या मागून घरी येते. बस्स, एवढीच गोष्ट. कुणी मरत नाही, कुणी किंचाळत नाही.

आजी फार थकली तेव्हा मी एकदा तिला विचारलं, ती बाई कोण गं? ती सहज म्हणाली, “कोण म्हणजे? आपलीच ती. मामंजींची पहिली.” म्हणजे माझ्या पणजोबांची पहिली बायको. बाळंतीण होऊन सातव्या का आठव्या दिवशी गेली. मूलही राहिलं नाही. मसणातून परतताना वाटेवर राळे आणि मोहरी पेरत आले होते, ते सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला घरी येता येऊ नये म्हणून. वर्षाच्या आत दुसरं लग्न झालं, आणि आपण सगळे त्या दुसरीचे. आजीला हे तिच्या सासूने सांगितलेलं, म्हणजे त्या दुसरीनेच! सवतीच्या जागी आलेली मुलगी तिन्हीसांजेला दिवा लावताना काय मनात आणत असेल?

आपला कुलवृत्तांत काढून बघा. पणजोबांच्या नावाखाली ‘भार्या (१)’ आणि पुढे रेघ. ‘भार्या (२)’ पुढे नाव, माहेर, मुलं, सगळं व्यवस्थित. तिचं माहेरचं नाव लग्नात पुसलं, सासरचं नाव मेल्यावर पुसलं. फोटोचा प्रश्नच नव्हता. श्राद्धपक्षातही तिच्या नावाने वेगळं पान वाढलेलं आजीला आठवत नव्हतं. ती या घरात येऊन गेली याचा शंभर-सव्वाशे वर्षं टिकलेला एकच पुरावा, म्हणजे ही भुताची गोष्ट. जागा बिनचूक, लुगड्याचा रंग ठरलेला, आणि काळजी एकच, घरी दिवे लागले का.

तेव्हापासून मला एन्थोव्हेनची यादी वेगळीच दिसते. ‘हडळ समोरून भरलेली, पाठीमागून हाडांचा सापळा’ असं तिथे लिहिलंय. समोरून भरलेली म्हणजे अंगावर दूध उतरलेली बाळंतीणच की! मुंज्या म्हणजे कुणाचा तरी आठ-दहा वर्षांचा मुलगा. गिऱ्हा म्हणजे पावसाळ्यात नदी उतरताना वाहून गेलेला कुणीतरी. ज्यांचं म्हातारपण होऊन, नातवंडं बघून, नीट पिंडदान होऊन गेलं, ते पितर झाले आणि वंशावळीत चढले. ज्यांचं काहीतरी अर्धवट राहिलं, त्यांची दुसरी वंशावळ झाली आणि ती तोंडी चालत राहिली. गावाला त्यांची भीती वाटायची हे खरंच. पण मला वाटतं, त्या भीतीत थोडी लाजही असावी.

आता ही भुतं कमी झाली. लोक म्हणतात, वीज आली आणि भुतं पळाली. विजेचा वाटा आहेच, पण माझ्या मते जास्त श्रेय गावागावातल्या नर्सबाईंना आणि बाळंतपणासाठी रात्री-बेरात्री धावणाऱ्या गाड्यांना द्यायला हवं. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. त्या ३३ सुद्धा दगावायला नकोत, पण पणजोबांच्या काळात घरटी एक तरी अशी आठवण असायची. मरणारीच वाचली तर हडळ येणार कुठून?

गोष्टी मात्र संपलेल्या नाहीत. २०१६ ला ‘रात्रीस खेळ चाले’ लागली तेव्हा आपल्या सगळ्या घरांत दार लावून टीव्ही बघितला जात होता, आणि २०२४ ला मुंज्या थेट हिंदी सिनेमात गेला. मजा येते बघायला. फक्त तिथे हुंकार द्यावा लागत नाही, आणि ‘ती आपलीच’ असं सांगणारं शेजारी कुणी बसलेलं नसतं.

तर मंडळी, कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं घाटतंय हे तुम्हाला ठाऊकच आहे. काकू, आत्या, आणि मुंबई-पुण्याची सगळी भावंडं, एक काम करा. कुणाकडे जुन्या ट्रंकेत पत्रं, लग्नाची याद, दागिन्यांची टिपणं, काहीही असेल तर बघा. ‘भार्या (१)’ पुढे लिहायला एक नाव हवंय, निदान माहेरचं गाव तरी. सापडलं तर लगेच कळवा. नाही सापडलं, तर त्या रेघेच्या जागी वहाळावरची गोष्ट छापायची असं मी सुचवणार आहे, आजी सांगायची तशीच्या तशी.