म्हातारपणाची पेन्शन : एक मागोवा

निवृत्तीचं वय ६५ का, असं कुणी विचारलं की एक किस्सा हमखास निघतो. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कने वृद्धांची पेन्शन आणली, तेव्हा तो स्वतः ६५ वर्षांचा होता म्हणे! किस्सा झकास आहे, पण खोटा. १८८९ साली कायदा झाला तेव्हा बिस्मार्क ७४ वर्षांचा होता आणि कायद्यातलं वय होतं ७०. ते ६५वर आलं १९१६ मध्ये, बिस्मार्कच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी.

त्या कायद्यामागे राजकारण होतं. कामगार समाजवाद्यांकडे वळत होते आणि त्यांना सरकारशी बांधून ठेवायचं होतं. म्हणून कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या पैशांतून विमा उभा राहिला. ज्याने हप्ते भरले, त्यालाच पेन्शन.

दुसरी वाट डेन्मार्कने १८९१ मध्ये काढली. तिथे हप्ते नव्हते. गरजू म्हाताऱ्याला सार्वजनिक पैशातून मदत मिळू लागली. १८९८ मध्ये न्यूझीलंडनेही तीच वाट धरली, पण अर्जदाराची चालचलणूक चांगली हवी आणि तो आशियाई नको, अशा अटी घालून.

ब्रिटनचा कायदा १९०८चा. वय ७० आणि आठवड्याला ५ शिलिंग. वार्षिक उत्पन्न २१ पौंडांपर्यंत असेल तरच पूर्ण रक्कम. १ जानेवारी १९०९ला पोस्टातून पहिले पैसे वाटले गेले. तेव्हा ब्रिटिश राजवटीत असलेल्या आयर्लंडमध्ये मात्र वेगळाच पेच पडला. तिथे सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये, म्हणजे सत्तरी गाठलेल्या कुणाकडेच जन्माचा सरकारी दाखला नव्हता. मग जुन्या शिरगणतीचे कागद धुंडाळले गेले. कित्येकांनी जानेवारी १८३९च्या भयंकर वादळाची रात्र आपल्याला आठवते, असं सांगून वयाची खात्री पटवली. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख ठोकून दिलेल्या आपल्याकडच्या पिढीला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

भारतात केंद्र सरकारची वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ला आली. वय ६५, महिन्याला ७५ रुपये. २००६ मध्ये रक्कम २०० झाली, २०११ मध्ये वय ६०वर आणि ऐंशी ओलांडलेल्यांची रक्कम ५००वर आली. साठ ते एकोणऐंशी वयाच्यांसाठी केंद्राचा वाटा त्यानंतरही २०० रुपयांवरच अडकला. महाराष्ट्र सरकार आपल्या श्रावणबाळ योजनेतून त्यात भर घालतं. २०२३ मध्ये एकूण रक्कम महिन्याला १५०० रुपये झाली. पण पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा कित्येक वर्षं २१,००० रुपये होती, म्हणजे महिन्याला १७५०. एवढ्यात अख्खं घर चालत असेल, तरच आजी पात्र.

पुण्याचे हमालांचे नेते बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषद या मोहिमेतर्फे मागणी केली होती ती साधी : असंघटित क्षेत्रात राबलेल्या प्रत्येक वृद्धाला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन द्या आणि ती महागाईबरोबर वाढवा. आयुष्यभर पोती वाहिलेल्या माणसाच्या नावावर हप्ते नसतील, पण श्रम आहेत.

गेल्या सव्वाशे वर्षांत वयाचा आकडा खाली आला, चालचलणुकीची अट गेली. गरिबी सिद्ध करण्याची अट मात्र आपल्याकडे टिकून आहे. ती काढा आणि रक्कम महागाईशी जोडा. तोवर ही पेन्शन म्हणजे हक्क नव्हे, सरकारी मेहेरबानीच.