ज्यांच्या नांवाचा दगड नाहीं

शिवडीला ख्रिस्ती लोकांची जी विस्तीर्ण दफनभूमि आहे, तिच्यांत फिरतांना मुंबईचा गेल्या शतकांचा इतिहास दगडांवर वाचावयास मिळतो. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दींत ती सुरू झाली. तेथील लेखांत १८९६ आणि त्यापुढचीं सालें दिसलीं म्हणजे पाऊल आपोआप थबकतें. कारण तीं ग्रंथिक सन्निपाताचीं, म्हणजे प्लेगचीं सालें होत.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवींतील रोगी तपासून डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनीं रोगाचें खरें नांव सांगितलें. मांडवी म्हणजे बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. तेथें उंदरांस तोटा नव्हता. पण उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. त्यामुळें सारा मारा घरांवर आणि माणसांवर झाला. गटारें धुतलीं गेलीं, चाळींतून कार्बोलिक शिंपडलें गेलें, आजाऱ्यांना घरांतून उचलून रुग्णालयांत नेलें गेलें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चांत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमण्यांत आली.

लोकांना मरणापेक्षां या धरपकडीचें भय अधिक वाटलें. रुग्णालयांत गेलेला माणूस परत येत नाहीं, अशी समजूत पसरली. १८९६ च्या ऑक्टोबरांत गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. पुढें प्रेताची तपासणी झाल्यावांचून अंत्यविधि होऊं नये, असा निर्बंध आला. मग घरोघर आजार लपविला जाऊं लागला. मृत्यूच्या नोंदींत प्लेगऐवजीं साधा ताप लिहिला गेला. परळ-लालबागच्या गिरण्यांतील माणसें कोंकणांत नि घांटावर निघून गेलीं. त्यांतील कित्येकांबरोबर रोगही गांवीं पोंचला. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ सालीं ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांनीं घटलेली दिसावी, यावरून त्या आपत्तीची कल्पना येते.

मेलेल्यांपैकीं किती जणांच्या नांवाचा दगड उरला? गिरगांवच्या सोनापुरांत ज्यांना अग्नि दिला गेला, त्यांची राखही तेथें राहिली नाहीं. हिंदूंच्या रीतींत थडग्याला जागा नाहीं. तेथें स्मरण श्राद्धाच्या तिथीला होतें. परंतु ज्या घरांत पिंड देणाराही उरला नाहीं, तेथें तिथि तरी कोणीं लक्षांत ठेवावी? प्लेगनें माणसाबरोबर त्याची आठवण ठेवणारेंही नेलें.

अशा अनामिकांच्या खुणा शोधावयाच्या तर स्मशानाबाहेर पडावें लागतें. गिरगांवच्या खोताच्या वाडींत आणि इतर जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत क्रूस उभे आहेत. त्यांतील कित्येक त्या काळांतले. जमावानें देवळांत जाणें भयाचें झालें, तेव्हां वस्तींतील माणसें त्यांच्याभोंवतीं प्रार्थनेस जमत. धोबीतलावाजवळ व्हिएगस यांचा पुतळा आहे. परळच्या जुन्या राजभवनांत १८९९ मध्यें प्लेगची प्रयोगशाळा आली. तिचे प्रवर्तक हाफकिन यांनीं आपण बनविलेली लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली होती. पुढें त्या संस्थेस त्यांचेंच नांव मिळालें. १८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें दाट वस्ती फोडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आंखल्या. दादरच्या घरांत आज जो उजेड आणि वारा खेळतो, त्याची किंमत मांडवीच्या अंधाऱ्या खोल्यांतून मेलेल्यांनीं आधींच चुकती केली होती.

शिवडीच्या दगडांना निदान वाचणारा येतो. ज्यांना दगड लाभला नाहीं, त्यांच्यासाठीं दादर-परळच्या रस्त्यानें जाणाऱ्यानें एखादे वेळीं क्षणभर थांबावें, एवढें ऋण या शहरावर अजून आहे.