जंताचा माग

शाळकरी पोराचं पोट दुखू लागलं की आपल्याकडे घरातच निदान व्हायचं: जंत. मग गोड बंद आणि वावडिंग सुरू. निदान पुष्कळदा बरोबर असायचं, कारणमीमांसा मात्र चूक. गोड खाऊन जंत होत नाहीत. विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून त्यांची अंडी पोटात जातात. हे सिद्ध करायला काही माणसांनी ती अंडी चक्क गिळली.

इटलीत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासीने १८७८ साली एका शवाच्या आतड्यातून गोलजंताची अंडी मिळवली आणि पुढच्या जुलैत त्यातली शंभरेक गिळली. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. महिन्याभरात त्याला स्वतःच्या विष्ठेत अंडी दिसली. जंत अंडी घालण्याइतका वाढायला दोनेक महिने लागतात हे आता ठाऊक असल्याने हा निकाल मला जरा घाईचा वाटतो. शिवाय मधल्या काळात जंत असतो कुठे, हा प्रश्न ग्रासीला पडलाच नाही.

त्याचं अर्धं उत्तर १९१६ साली हाँगकाँगमध्ये मिळालं. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या फ्रान्सिस स्ट्युअर्टने उंदरांना अंडी खाऊ घातली, तर अळ्या सापडल्या फुप्फुसांत! उंदीर हा जंताच्या प्रवासातला मधला मुक्काम असावा, असं त्याला आधी वाटलं.

शंका मिटवली जपानी बालरोगतज्ज्ञ शिमेसु कोइनो यांनी. १९२२ साली त्यांनी २,००० अंडी गिळली. धाकट्या भावाने डुकरातल्या जंताची ५०० गिळली. (त्या घरात आई काय म्हणाली असेल कोण जाणे.) काही दिवसांत कोइनोंना न्यूमोनियासारखा त्रास सुरू झाला आणि थुंकीत अळ्या दिसल्या. पन्नासाव्या दिवशी जंताचं औषध घेतल्यावर ६६७ जंत पडले. म्हणजे एक तृतीयांश अंड्यांनी मुक्काम गाठला होता.

आता वाट स्पष्ट झाली. आतड्यात अंडं फुटतं, अळी रक्तातून यकृतात, तिथून फुप्फुसात जाते, श्वासनलिकेतून घशाशी चढते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरते. तिथे ती वीतभर किंवा त्याहूनही लांब होते. जंत थोडे असले तर बहुधा कळतही नाही. फार झाले तर लहान मुलाच्या अरुंद आतड्यात त्यांचा गुंता होतो, वाट तुंबते, पोट फुगतं, मूल कळवळतं. कधी एखादा जंत पित्तनलिकेत शिरतो. त्याच्या कित्येक आठवडे आधी त्या मुलाला खोकला येऊन गेलेला असू शकतो, पण तो कुणाच्या लक्षात राहत नाही.