कागदीपुऱ्यात एक शिल्प हवं

पुण्यात पुतळ्यांची वानवा नाही. करमरकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ पासून उभा आहे. शिवाजीनगरच्या एका वस्तीला तर ‘कामगार पुतळा’ हेच नाव पडलं. मेट्रोच्या कामात ती वस्ती हलवली गेली. पण ज्या धंद्यांवर जुनं पुणं चाललं, ते आज फक्त गल्ल्यांच्या नावांत उरलेत. तांबट आळी, बुरूड आळी आणि कसबा पेठेतला कागदीपुरा.

कागदी म्हणजे हातानं कागद बनवणारे मुसलमान कारागीर. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही त्यांची जुनी ठाणी. चीनमधली ही विद्या आठव्या शतकात समरकंद, बगदादला पोचली आणि पुढे हिंदुस्थानात आली. ‘कागद’ हा शब्दही फारसी ‘कागज’वरून आलेला.

काम मोठं कष्टाचं. जुने दोर, गोणपाट तोडायचे, चुन्यात भिजवायचे, कुटायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे. लगदा हौदात कालवून गवती काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलायचा. तो भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा, म्हणजे बोरू अडखळत नाही. पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल आजही उलगडता येतात, त्यात या हातांचा वाटा आहे. लिहिणाऱ्यांचा इतिहास आपण शिकलो, कागद करणाऱ्यांचा नाही.

१८८५ मध्ये पुण्यात डेक्कन पेपर मिल्स निघाली. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हातकागद मागे पडला. गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीनं त्याला पुन्हा हात दिला आणि १९४० मध्ये शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. हुन्नर वाचला, कागदीपुऱ्यातले हौद मात्र गेले.

महाराष्ट्रात मुसलमानांचं योगदान काय, असं कुणी विचारलं की आपण घाईनं सरदारांची आणि तोफचींची नावं सांगतो. मला वाटतं, त्याआधी कागद्यांचं नाव घ्यावं. लढाई चार दिवसांची असते. खत, सनद, अभंगाची वही, हिशेबाचं बाड रोज लागतं.

म्हणून कागदीपुऱ्यात एक शिल्प हवं. पुतळा म्हटलं की आपल्यात संकोच असतो, पण इथे माणूस घडवायची गरजच नाही. पाण्यातून वर येणारा साचा आणि त्यावरचा ओला ताव पुरे. खाली मराठीत आणि उर्दूत एक ओळ असावी: इथे कागद बनत होता.