गोल्फ आणि गळीत

भवानीनगराला गोल्फचे मैदान नाही, आणि ते नसल्याचे दुःख गावात कोणाला आहे असेही दिसत नाही. बारामतीहून इंदापूरला जाताना साखर कारखान्याभोवती वसलेले हे गाव लागते. येथे जे हिरवे दिसते ते उसाचे. तेही फार जुने नव्हे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा मुलूख करपून गेला. पुढे १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला. १९३० नंतर शेजारी वालचंद हिराचंदांनी वालचंदनगर उभे केले. आणि १९५० नंतरच्या सहकाराच्या लाटेत भवानीनगरचा छत्रपती कारखाना आला. ज्या मुलखात पाण्याच्या पाळीवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, तेथे नुसते गवत भिजवायला पाणी कोण देणार?

तरीही दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे गोल्फ ठेवावासा वाटला, त्याला कारण आहे. कारखान्याच्या वसाहतीत करमणुकीला हंगाम असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटला की पत्ते, कॅरम, व्हॉलीबॉल सारे बंद. पाळ्या सुरू होतात, आणि रोज भेटणारी माणसे एकमेकांना केवळ भोंग्यावर ओळखतात. शेवटची मोळी गव्हाणीत पडली म्हणजे खेळ पुन्हा आठवतो. सोडलेल्या खेळाकडे सोबत्यांसह परतणे ही गोष्ट गोल्फच्या इतिहासात फार वेळा घडलेली आहे.

पहिला परतलेला खेळाडू राजाच होता. स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव टाकून चेंडूमागे धावतात, मग इंग्रजांशी लढायचे कोणी, हा त्याचा रोकडा सवाल. ही बंदी पुढे दोनदा नव्याने पुकारावी लागली, यावरून ती कितपत पाळली गेली ते उघड आहे. पुढे १५०२ साली इंग्लंडशी तह झाला आणि त्याच वर्षी चौथ्या जेम्सने स्वतःसाठी काठ्या विकत घेतल्या. कायदे करणाऱ्यांचे हे असे असते!

सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर पूर्वी एका फेरीत बावीस खळगे होत. १७६४ साली ते अठरा केले, आणि आज जगभर अठराच चालतात. चेंडूची कथा आणखी मौजेची. कातड्याच्या पिशवीत टोपीभर पिसे ठासून तो शिवीत. त्याची किंमत इतकी की गरिबाने तो हरवला तर झोप उडावी. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडाच्या चिकापासून, म्हणजे गट्टापर्च्यापासून, चेंडू होऊ लागले आणि खेळ स्वस्त झाला. साहेबाचा खेळ सामान्यांच्या हाती आला तो पूर्वेच्या झाडामुळे!

आपल्याकडे हा खेळ स्कॉट लोकांच्या सामानातून आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. मुंबईचे साहेब किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर खेळत. कोरड्या प्रांतात हिरवळ टिकेना, तेव्हा खळग्याभोवती तेल मिसळलेली वाळू पसरून ती सारखी करीत आणि तिच्यावरून चेंडू सरकवीत. मात्र मैदानात कोणाचे पाऊल पडावे, हा प्रश्न गवताहून बिकट होता. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला तो गोऱ्या क्लबांची दारे हिंदी माणसांना बंद होती म्हणूनच. चेंबूरचे प्रेसिडेन्सी मैदान १९२७ चे.

पण या खेळात एक युक्ती आहे, तिच्यामुळे तो कचेरीतल्या माणसांचा खेळ झाला. तिला हँडिकॅप म्हणतात. मूळ शब्द टोपीत हात घालून खेळायच्या एका जुन्या सोडतीवरून आला. कच्च्या खेळाडूला काही फटके सूट द्यायचे, म्हणजे कसलेला आणि नवशिका एका पातळीवर येतात. क्रिकेटमध्ये दुबळ्या फलंदाजाला आगाऊ वीस धावा कोणी देत नाही. पुढे इंग्लंडातील डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड यांनी खळग्यागणिक गुण मोजण्याची पद्धत काढली. १९३२ साली तिच्यावर पहिली स्पर्धा झाली. एखाद्या खळग्यावर फजिती उडाली तरी गुण तेवढ्यापुरतेच बुडतात, साऱ्या फेरीचा सत्यानाश होत नाही. वर्षानुवर्षांनी काठी धरणाऱ्यांनी या डॉक्टरांचे ऋण मानले पाहिजे.

माझ्या परिचयाचे एक केमिस्ट तरुणपणी मुंबईत हा खेळ शिकले होते. साखरेत आल्यावर बावीस वर्षे काठीला हात नाही. एका उन्हाळ्यात गळीत संपल्यावर एका सभासदाचे पाहुणे म्हणून आम्ही चौघे पुण्याकडील एका मैदानावर गेलो. केमिस्टसाहेबांचा पहिला फटका चेंडूच्या वरून गेला, दुसऱ्याने ढेकूळ उडाले. हिशेबखात्यातल्या आमच्या कारकुनाला भरपूर सूट मिळाली होती. त्याने अठरा खळग्यांनंतर साहेबांना तीन गुणांनी हरविले, आणि बेरीज दोनदा तपासून दाखविली. सोमवारी फाइल घेऊन तो पुन्हा दाराशी "साहेब, येऊ का?" म्हणत उभा. अठराव्या खळग्यापलीकडे हँडिकॅप चालत नाही!

त्या दिवशी आम्हां चौघांपेक्षा खेळ जास्त कळत होता तो आमच्या काठ्या वाहणाऱ्या पन्नाशीच्या कॅडीला. केमिस्टसाहेबांची पकड पाहून तो हळूच म्हणाला, "साहेब, डावा अंगठा जरा खाली घ्या." पुढला फटका सरळ गेला. कॅडी हा शब्द फ्रेंच कॅडेटचा, म्हणजे धाकट्या मुलाचा, भाऊ; आणि धाकट्यासारखाच त्याला वाटा शेवटी मिळतो. पुष्कळ क्लबांत मैदान सोमवारी बंद असते. त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. आठवड्याचे बाकीचे दिवस दुसऱ्याचा चेंडू शोधायचा, आणि एक दिवस आपला मारायचा.

तो एक दिवस वाया गेला असे मात्र नव्हे. इंडियन ओपन स्पर्धा १९६४ साली सुरू झाली, आणि दुसऱ्याच वर्षी पी. जी. सेठी यांनी ती जिंकली. सेठी हौशी खेळाडू होते. खेळावर पोट असणाऱ्या हिंदी माणसाला तो चषक मिळायला १९९१ साल उजाडावे लागले. तो मिळविणारे अली शेर दिल्लीच्या मैदानावर पूर्वी कॅडी होते. १९९३ साली त्यांनी तो पुन्हा जिंकला.