उपरोध ओळखताना : डॅनियल डिफोच्या एका पुस्तिकेची हकीकत

इंग्रजीतील अलंकारांशी आपली पहिली ओळख बहुधा शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकातून होते. रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकावर ज्यांचे इंग्रजी पोसले गेले, त्यांना त्यातील अलंकारांचे प्रकरण आठवत असेल. सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, अशा जोड्या लावीत आपण पुढे जातो आणि परीक्षेत वाक्यापुढे अलंकाराचे नाव लिहून मोकळे होतो. उपमेला 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' या शब्दांची खूण असते; अनुप्रास कानालाच कळतो. 'आयरनी' म्हणजे उपरोध, याच्यापाशी मात्र अशी खूण नसते. बोलायचे एक आणि सुचवायचे त्याच्या उलट, ही व्याख्या सर्वांना पाठ असते. परंतु समोरचे वाक्य उपरोधाचे आहे की सरळ, हे ती व्याख्या सांगत नाही. याच अडचणीपायी इंग्लंडातील एका थोर लेखकाला तुरुंगात जावे लागले.

अलंकारांना नावे देण्याची आवड इंग्रजीत सोळाव्या शतकात वाढीस लागली. रिचर्ड शेरी याचे अलंकारांवरील पुस्तक १५५० मध्ये आणि हेन्री पीचम याचे 'द गार्डन ऑफ एलोक्वन्स' १५७७ मध्ये निघाले. त्यानंतर १५८९ मध्ये 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' हा ग्रंथ आला. तो निनावी असला तरी जॉर्ज पटनम याचा मानला जातो. ग्रीक नावे इंग्रज वाचकाच्या जिभेवर रुळत नाहीत, हे जाणून या ग्रंथकाराने अलंकारांचे देशी नामकरण केले. अतिशयोक्तीला त्याने 'मोठ्याने खोटे बोलणारा' म्हटले, रूपकाला 'वाहून नेणारा अलंकार' म्हटले आणि उपरोधाला 'कोरडी थट्टा' हे नाव दिले. ही नावे पुढे टिकली नाहीत. शाळांतून ग्रीक नावेच राहिली. तरीही 'कोरडी थट्टा' या नावात मोठा मर्म आहे. थट्टा करणाराच्या चेहऱ्यावर हसू उमटले की उपरोध फिका पडतो, आणि ते अजिबात उमटले नाही तर ऐकणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो.

ही फसगत केवढी मोठी होऊ शकते, हे १७०२ साली दिसून आले. 'रॉबिन्सन क्रूसो'चा कर्ता म्हणून आपण डॅनियल डिफोला ओळखतो. ती कादंबरी १७१९ची. त्याआधी कितीतरी वर्षे तो राजकीय पुस्तिका लिहीत होता. तो 'डिसेंटर' होता, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची उपासनापद्धती न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथांपैकी एका पंथाचा. १६८९च्या कायद्याने या लोकांना स्वतंत्र उपासनेची मुभा मिळाली होती. सरकारी अधिकारपदे मात्र त्यांना कायद्याने बंदच होती. काही जण वर्षातून एखादे वेळी अधिकृत चर्चमध्ये प्रसाद घेऊन ही अट पुरी करीत व पद मिळवीत. मार्च १७०२ मध्ये राणी अ‍ॅन गादीवर आली आणि 'हाय चर्च' म्हणविणाऱ्या कडव्या पक्षाला जोर चढला. हेन्री सॅशेव्हरेल नावाच्या धर्मोपदेशकाने त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथील प्रवचनात डिसेंटरांविरुद्ध उघड युद्धाची भाषा वापरली, आणि वर सांगितलेली पळवाट बंद करणारे विधेयक हिवाळ्यात पार्लमेंटपुढे आले.

अशा वेळी, डिसेंबर १७०२ मध्ये, 'द शॉर्टेस्ट वे विथ द डिसेंटर्स' ही निनावी पुस्तिका प्रसिद्ध झाली. लिहिणारा कोणी कडवा हाय चर्चवाला असावा, असाच तिचा सूर होता. आजवर पुष्कळ सबुरी झाली. आता या लोकांच्या सभेत जो सापडेल त्याला देशाबाहेर घालवावे आणि त्यांच्या उपदेशकाला फासावर द्यावे, म्हणजे प्रश्न कायमचा मिटेल, असा तिचा मथितार्थ. कडव्या लोकांच्या युक्तिवादाला त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेऊन त्यातील क्रौर्य उघडे करावे, हा डिफोचा हेतू होता. परंतु कडव्यांपैकी काहींना ही पुस्तिका मनापासून आवडली, आणि डिसेंटरांमध्ये भीती पसरली. दोन्ही बाजूंनी ती शब्दशः वाचली होती. लेखक कोण हे कळल्यावर मात्र ज्यांनी वाहवा केली होती, त्यांचाच संताप अनावर झाला. आणि घाबरलेले डिसेंटरही त्याच्यावर रुष्ट झाले.

जानेवारी १७०३ मध्ये सरकारी गॅझेटात डिफोचे वर्णन छापून त्याला पकडून देणाऱ्यास ५० पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. पार्लमेंटच्या हुकमाने पुस्तिका जाळण्यात आली. आपले लिखाण उपरोधाचे आहे, असा खुलासा त्याने छापून पाहिला; त्याचा उपयोग झाला नाही. मे महिन्यात तो पकडला गेला. जुलैमध्ये त्याला २०० मार्कांचा दंड, सात वर्षे चांगल्या वर्तणुकीचा जामीन आणि तीनदा पिलरीवर उभे राहण्याची शिक्षा झाली. पिलरी म्हणजे मान व हात लाकडी चौकटीत अडकवून भर चौकात लोकांपुढे उभे करणे. जुलैच्या अखेरीस तीन दिवस तो लंडनमध्ये असा उभा राहिला. गर्दीने त्याच्यावर फुले उधळली अशी आख्यायिका आहे. सुटका नोव्हेंबरात, रॉबर्ट हार्ली या मुत्सद्द्याच्या खटपटीने झाली. तोवर त्याचा विटा-कौलांचा कारखाना बुडाला होता.

इतक्या वाचकांना उपरोध का उमगला नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याकडील काव्यशास्त्राची मदत होते. अकराव्या शतकातील काश्मीरी पंडित मम्मट याने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेची पहिली अट सांगितली आहे ती मुख्यार्थबाधाची : शब्दांचा सरळ अर्थ अडला पाहिजे, तरच वाचक दुसऱ्या अर्थाकडे वळतो. डिफोच्या पुस्तिकेत सरळ अर्थ अडलाच नाही. देशोधडीची व फाशीची भाषा वाचून कोणी दचकावे, तर तसलीच भाषा त्या दिवसांत व्यासपीठांवरून खरोखर ऐकू येत होती. विडंबन आणि वास्तव यांत अंतरच उरले नव्हते.

व्यंजनेच्या विवेचनात मम्मट आणखीही काही गोष्टी मोजतो : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काकू म्हणजे आवाजाचा हेल, प्रसंग, देश आणि काल. डिफोच्या बाबतीत बोलणाऱ्याचे नाव झाकलेले होते. छापील कागदाला आवाज नसल्याने काकू गेली. आणि काल तर असा होता की भडक विधान हेच खरे वाटावे. उपरोध ओळखण्याची जवळजवळ सगळी साधने वाचकाच्या हातून निसटली होती.

याच्या शेजारी जोनाथन स्विफ्टची १७२९ मधील 'अ मॉडेस्ट प्रपोजल' ठेवून पाहावी. तीही निनावीच निघाली आणि तिचाही चेहरा तसाच कोरडा आहे. आयर्लंडमधील गरिबांची तान्ही मुले श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत, असे ती हिशेब मांडून सुचवते. पण येथे सरळ अर्थ पहिल्याच धक्क्याला अडतो, कारण असे कोणी खरोखर म्हणणार नाही. शिवाय देशी मालच वापरावा यांसारखे खरे उपाय स्विफ्ट शेवटी सांगतो. फक्त ते कोणी मला सांगू नयेत, अशा आविर्भावात. शोधणाऱ्याला वाट सापडावी, एवढी सोय त्याने ठेवली आहे.

दोन-दोन, तीन-तीन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना हा इतिहास विशेष उपयोगी आहे. परभाषेतील शब्दांचा अर्थ कोशात मिळतो, पण ते कोणत्या सुरात उच्चारले जातात याची नोंद कोशात नसते. म्हणून इंग्रजीतले एखादे विधान विचित्र वाटले, की अलंकाराच्या नावाआधी हे कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणत आहे, याची चौकशी करावी. आणि विधान विचित्र वाटलेच नाही, तर ते का वाटले नाही, हेही स्वतःला विचारावे. १७०२च्या वाचकांनी हा दुसरा प्रश्न विचारला असता, तर आपल्या काळाविषयी त्यांना बरेच काही कळले असते.

डिफोने मात्र ही वाट सोडली नाही. १७१३ मध्ये राजगादीच्या वारसाविषयी त्याने पुन्हा उपरोधाच्या पुस्तिका लिहिल्या. त्या पुन्हा शब्दशः वाचल्या गेल्या, त्याला पुन्हा अटक झाली, आणि या खेपेस राणीच्या माफीने तो सुटला.