ठेवीचा देश

फाळणीवरच्या कथा आणि आठवणी हिंदी-उर्दूतून मराठीत आणताना गेली काही वर्षं मला एक गोष्ट जाणवत आली आहे. या लेखनात घर असतं, अंगणातली विहीर असते, गाडीचा डबा असतो, परत येऊ या भरवशावर दाराला लावलेलं कुलूप असतं. बँकेचं पासबुक मात्र फार क्वचित दिसतं. मंटोच्या १९४८ मधल्या ‘सियाह हाशिये’त लुटीचे प्रसंग येतात, पण तिथेही लुटलं जातं ते डोळ्यांना दिसणारं सामान. बँकेतली शिल्लक कुणाला डोक्यावर घेऊन पळता येत नाही. कदाचित म्हणूनच ती कथेतही येत नसावी.

पण १९४७ पर्यंत पंजाब आणि सिंधमधल्या शहरी मध्यमवर्गाची बरीच बचत बँकांत होती. वकील, डॉक्टर, अडते, ठेकेदार, शाळेतले मास्तर अशांनी मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेला हा पैसा. माणसं सीमेपलीकडे गेली तेव्हा त्याचं काय झालं? या प्रश्नाच्या मागे गेलं की बँक निवडताना माणूस नेमकं काय निवडत असतो, हेही उलगडत जातं.

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल. ‘माझे पैसे बँकेत आहेत’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या नावाची पुरचुंडी कुठल्यातरी तिजोरीत ठेवलेली आहे, असं काहीसं चित्र मनात असतं. प्रत्यक्षात आपण बँकेला पैसे उसने दिलेले असतात. आपण धनको आणि बँक ऋणको. हे ऋण बँकेने कुठे फेडायचं, याचंही उत्तर ठरलेलं होतं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९२१ मध्ये योआखिमसन खटल्यात ते स्पष्ट केलं होतं: ज्या शाखेत खातं आहे त्या शाखेत, खातेदाराने मागणी केल्यावर. म्हणजे ठेवीला पत्ता असतो. लाहोरच्या शाखेतली ठेव लाहोरची असते, खातेदार दिल्लीत आला म्हणून ती आपोआप दिल्लीची होत नाही. देश एक असतो तोवर या नियमाची आठवण कुणाला होत नाही. एक अर्ज केला की खातं दुसऱ्या शाखेत जातं. शाखा आणि खातेदार यांच्यामध्ये सीमा उभी राहिली, की हाच नियम माणसाला रस्त्यावर आणू शकतो.

लाहोर हे त्या वेळी उत्तर भारतातल्या बँकांचं मोठं केंद्र होतं. पंजाब नॅशनल बँक १८९५ मध्ये तिथेच सुरू झाली. दयालसिंग मजिठिया, लाला लजपतराय अशी नावं तिच्या स्थापनेशी जोडलेली आहेत, आणि स्वदेशी भांडवलावर, भारतीयांनी चालवलेली बँक हा तिचा अभिमान होता. न्यू बँक ऑफ इंडिया १९३६ मध्ये आणि ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स १९४३ मध्ये याच शहरात निघाल्या. बँक बुडते म्हणजे काय, हेही लाहोरकरांनी पाहिलेलं होतं. लाला हरकिशनलाल यांची पीपल्स बँक १९१३ मध्ये कोसळली होती. ठेवींना विमा ही गोष्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हती; भारतात ती १९६२ मध्ये आली, आणि सुरुवातीला फक्त १,५०० रुपयांपर्यंत. त्यामुळे बँक निवडताना सामान्य माणूस संचालकांची नावं बघे, इमारत बघे, शेजारी कुठे पैसे ठेवतो ते बघे. मुख्य कार्यालय नकाशावर कुठे आहे, हा प्रश्न त्याला सुचण्याचं काही कारण नव्हतं.

१९४७ मध्ये अचानक तोच प्रश्न सगळ्यांत मोठा झाला. मार्चमध्ये रावळपिंडीच्या परिसरात दंगली उसळल्या आणि ज्यांना शक्य होतं अशा पैसेवाल्यांनी तेव्हापासूनच आपली रक्कम पूर्वेकडे हलवायला सुरुवात केली. ज्यांची खाती मुंबई किंवा कलकत्त्यात मुख्यालय असलेल्या बँकांत होती त्यांना हे तुलनेने सोपं होतं. बाकीचे थांबले. लाहोर कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि चालू धंदा, घरदार, नोकरी सोडून फक्त पैसा पुढे पाठवणं म्हणजे आपण जाणार हे स्वतःशीच कबूल करणं होतं.

पंजाब नॅशनल बँक थांबली नाही. ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली आणि २० जूनला बँकेने आपलं नोंदणीकृत कार्यालय दिल्लीला हलवण्याची परवानगी लाहोर उच्च न्यायालयाकडून मिळवली. रॅडक्लिफ यांची सीमारेषा लोकांसमोर आली ती १७ ऑगस्टला. म्हणजे ठेवीदार अजून ‘जावं की राहावं’ असा विचार करत असताना त्यांच्या बँकेचा कायदेशीर पत्ता बदलून गेला होता. पुढे पश्चिम पाकिस्तानातल्या तिच्या ९२ शाखा बंद कराव्या लागल्या. एकूण शाखांच्या त्या ३३ टक्के होत्या, आणि एकूण ठेवींपैकी ४० टक्के ठेवी त्यांच्यात होत्या.

हा आकडा वाचताना मी दर वेळी थबकते. बँकेचं ४० टक्के देणं ज्या शाखांचं, त्या शाखा, त्यांची कर्जं, त्यांचं तारण, त्यांच्या इमारती सगळं पलीकडे. धनको मात्र इकडे येऊन दारात उभे. ‘तुमची ठेव रावळपिंडीची आहे, रावळपिंडीत मागा’ असं बँक म्हणू शकली असती, आणि ते कायद्याला धरूनही झालं असतं. बँकेने तसं केलं नाही. निर्वासितांना जो काही पुरावा दाखवता आला, त्याच्या आधारावर तिने ठेवी परत केल्या. घाईत निघालेल्या माणसाकडे असून असून काय असणार? पासबुक सोबत आलेला नशीबवानच म्हणायचा. त्या काळात दिल्लीतल्या कुठल्या तरी टेबलामागे बसून समोरच्या माणसाचा कागद आणि त्याचा चेहरा यांतून निर्णय घेणाऱ्या कारकुनाची कथा अजून माझ्या हाती आलेली नाही. आली तर मी ती आधी अनुवादित करीन.

सरकारकडून मिळणाऱ्या भरपाईशी ताडून पाहिलं, की या निर्णयाचं वजन कळतं. निर्वासितांच्या दाव्यांची नोंद आणि पडताळणी करणारा कायदा १९५० मध्ये झाला, भरपाई आणि पुनर्वसनाचा १९५४ मध्ये. पण दाव्यांचा तो कायदा स्थावर मालमत्तेपुरता होता. पलीकडे घर किंवा जमीन सोडून आलेल्याला सरकारदरबारी मागायला जागा होती. पलीकडे ठेव सोडून आलेल्याला जागा होती ती त्याच्या बँकेच्या दारात. ती बँक इकडे आली आहे की नाही, आणि आली असेल तर दार उघडते की नाही, यावर सगळं अवलंबून होतं.

ही वाहतूक दोन्ही दिशांनी चालू होती. हबीब बँक १९४१ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि फाळणीच्या वेळी कराचीला गेली. मुस्लिम कमर्शियल बँक जुलै १९४७ मध्ये कलकत्त्यात निघाली आणि तीही पुढे पाकिस्तानात गेली. पण बाकीच्या बहुतेक बँका हिंदू-शीख मालकीच्या होत्या. त्यांचे मालक आणि कर्मचारी निघून आल्यामुळे पाकिस्तानात राहिलेल्यांची, आणि भारतातून तिकडे गेलेल्यांचीही, मोठी पंचाईत झाली. पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या प्रदेशात शेड्यूल्ड बँकांच्या ६३१ कचेऱ्या होत्या. ३० जून १९४८ पर्यंत त्यांतल्या १९५ उरल्या.

गंमत म्हणजे या काळात चलन एकच होतं. ३० जून १९४८ पर्यंत भारताची रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती, आणि पाकिस्तानच्या पहिल्या नोटा म्हणजे त्या देशाचं नाव वरून छापलेल्या भारतीय नोटाच होत्या. १ जुलैला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही, आणि कागदोपत्री १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये असा दर झाला. भारताला तो मान्य नसल्याने व्यापारच थांबला. माणसांची फाळणी ऑगस्ट १९४७ मध्ये झाली. पैशांची त्यानंतर दोन वर्षं हप्त्याहप्त्याने होत राहिली.

कायदा आपल्या जागी किती घट्ट होता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५५ मधल्या एका निकालात दिसतं. दिल्ली क्लॉथ अँड जनरल मिल्स या कंपनीची एक गिरणी लायलपूरला होती, मुख्य कचेरी दिल्लीत. लायलपूरच्या एका व्यापारी पेढीची रक्कम कंपनीकडे जमा होती. पेढीचे मालक फाळणीनंतर भारतात आले आणि त्यांनी दिल्लीत पैसे मागितले. दरम्यान पाकिस्तानच्या कायद्यानुसार कंपनीने ती रक्कम तिथल्या निर्वासित-मालमत्तेच्या कस्टोडियनकडे भरली होती. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ऋणाचं स्थान लायलपूर. तिथल्या कायद्याप्रमाणे पैसे भरले गेले. म्हणून कंपनी ऋणातून मुक्त झाली, असं न्यायालयाने ठरवलं. कंपनी दिल्लीची, धनको भारतात, न्यायालय भारताचं, तरीही पैसा लायलपूरचाच. तर्कात खोट काढणं अवघड आहे. पण हा निकाल वाचल्यावर पंजाब नॅशनल बँकेने काय करायचं नाकारलं, ते पूर्ण उमगतं.

इथे मला माझ्या कामातला एक शब्द आठवतो: अमानत. उर्दूत तो आला की मी अडते. मराठीत हाच शब्द अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाला, आणि आता आपण तो निवडणुकीत जप्त होणाऱ्या किंवा घरमालकाकडे अडकलेल्या रकमेपुरता वापरतो. मूळ अरबी शब्दात सुरक्षितता आणि विश्वास एकत्र आहेत. दुसऱ्याने भरवशाने सोपवलेली वस्तू जशीच्या तशी परत करायची, ही त्यातली जबाबदारी. ‘ठेव’ हा मराठी शब्द ठेवणाऱ्याच्या बाजूने बोलतो, ‘अमानत’ सांभाळणाऱ्याच्या बाजूने. कायद्याने लायलपूरच्या पेढीची रक्कम ऋण मानली. दिल्लीतल्या त्या बँकेने आपल्याकडची रक्कम अमानत मानली, असं मी म्हणेन.

आपल्या बाजारात या प्रश्नाची जाण जुनी होती. पुढे फाळणीत सिंधमधून बाहेर पडलेल्या शिकारपुरी सराफांच्या हुंड्या एकेकाळी मध्य आशियापर्यंत चालत. हुंडी हरवली तर ‘पैठ’ लिहून देत, तीही हरवली तर ‘परपैठ’. कागद हरवणारच, हे व्यवस्थेने गृहीत धरलेलं होतं. पण ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे मिळत ते बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या माणसालाच. निर्वासिताचं नेमकं तेच गेलेलं असतं. छावणीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ओळखणारा बाजार मागे राहिलेला असतो.

असंच पुढच्याच वर्षी, अमानत हा शब्द जिथून आला त्या अरबी भाषेच्या प्रदेशात, पॅलेस्टाइनमध्ये घडलं. अब्दुल हमीद शोमान यांनी १९३० मध्ये जेरुसलेमला काढलेल्या अरब बँकेने १९४८ मध्ये आपलं मुख्यालय अम्मानला नेलं. जेरुसलेम, याफा, हैफा इथल्या शाखा हातच्या गेल्या असूनही तिने निर्वासित ठेवीदारांचे पैसे चुकते केले. खुद्द या बँकेची सुमारे ५ लाख ८० हजार पौंडांची शिल्लक बार्कलेजच्या जेरुसलेममधल्या शाखेत होती. ती मागायला बँक लंडनच्या कोर्टात गेली आणि १९५४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरली. ऋण जेरुसलेमचं, ते आता इस्रायलच्या कस्टोडियनकडे गेलं, असा निकाल लागला. आपल्या ठेवीदारांना सगळं देणाऱ्या बँकेला स्वतःची ठेव मिळाली नाही. पुढच्याच वर्षी दिल्लीत लायलपूरच्या पेढीला मिळालेलं उत्तर याहून फार वेगळं नव्हतं.

आज परदेशी जाणाऱ्याची परिस्थिती अर्थातच निराळी आहे. तो स्वखुशीने जातो, तारीख ठरवून जातो. निघाल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं, तिकडची कमाई इकडे आणायला एनआरई उघडायचं, एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, इथल्या बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो, हे सगळं त्याला बँकेतली मुलगी पाच मिनिटांत सांगते. मग तो व्याजदर, शुल्क आणि ॲप यांची तुलना करून बँक ठरवतो. यात काही चूक नाही. १९४६ मध्ये लाहोरच्या वकिलानेही व्याजदरच पाहिला असेल.

माझी ओळखीची मुलं परदेशी जाताना मला विचारतात, तेव्हा मी त्यांना दोनच गोष्टी सुचवते. हे खातं कायद्याने कुठल्या देशात आहे ते एकदा लिहून घ्या. आणि खात्याच्या उताऱ्याची एक कागदी प्रत बँकेपासून, आणि फोनपासूनही, दूर कुठेतरी ठेवा. ती हसतात. कागद कोण ठेवतं आता, असं म्हणतात. दिल्लीत ज्यांनी टेबलावर जो काही कागद ठेवला आणि आपले पैसे परत मिळवले, त्यांतल्या कितींनी तो मुद्दाम जपून आणला होता आणि कितींच्या खिशात तो केवळ राहून गेला होता, कुणास ठाऊक.